यंत्र जागे होते तेव्हा

गंगाखेड हे परभणी जिल्ह्यातले गोदाकाठचे तालुक्याचे गाव. संत जनाबाईंचे गाव म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. आमच्यातल्या एकाचे आजोळ तिथले. २००७ सालची दिवाळी संपवून परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही तिथे दोन दिवस थांबलो होतो. आम्ही तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो. 'शहरातून शिकलेली मुलं आली आहेत' ही बातमी कशी कोण जाणे, जवळच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आम्हाला बोलवायला आले.

शाळेतल्या एका खोलीत फुलाफुलांच्या चादरीखाली एक कोरा करकरीत संगणक झाकून ठेवला होता. तो जुलैत आला होता. सरांनी उद्‌बत्ती लावून, मुलांना भोवती उभे करून बटण दाबले. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, 'बीऽऽप, बीऽऽप' असा आवाज होत राहिला आणि पडदा काळाच राहिला. सरांनी घाबरून बटण बंद केले. आणखी दोनदा प्रयत्न झाला, पण तीच तऱ्हा. पुरवठादाराला पत्र गेले, 'संगणक चालू होत नाही.' तिकडून फोनवर निरोप आला, 'मागचं सील तोडू नका, वॉरंटी जाईल. माणूस पाठवतो.' माणूस आला नाही. चार महिने संगणक चादरीखाली राहिला.

सरांची खरी काळजी निराळीच होती. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची नोंद त्यांच्या सहीने झाली होती. "माझ्याच हातून काही जळालं असेल तर? पगारातून कापून घेतील हो," ते हळूच म्हणाले. मुलांनी विचारले की ते विषय बदलत. विज्ञान शिकवणारा हा माणूस त्या खोलीकडे जाणेच टाळू लागला होता.

सील तोडायचे नाही हे आम्हालाही मान्य होते. मग स्क्रूड्रायव्हरऐवजी आम्ही कागद-पेन्सिल मागितली. त्या कागदावर जे उतरले ते समजण्यासाठी आधी थोडा इतिहास पाहायला हवा. बटण दाबल्यावर संगणकात जे टप्पे एकामागून एक घडतात, त्यांतला प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी एका अडचणीतून जन्माला आला आहे. तो क्रम कळला, की बिघाड शोधायची रीत आपोआप हाती येते.

विहिरीवरची मोटार आणि संगणक

विहिरीच्या काठावर बसवलेला पंप सर्वांनी पाहिला असेल. तो कोरडा असताना नुसते बटण दाबून पाणी येत नाही. आधी वरून पाणी ओतून पंप भरून घ्यावा लागतो. आत पाणी असेल तरच पंप पाणी ओढू शकतो. म्हणजे पाणी मिळवायला आधी पाणी हवे!

संगणकाचे तंतोतंत असेच आहे. संगणक सगळी कामे आज्ञावलीनुसार करतो. आज्ञावली चकतीवरून स्मृतीत आणणे हेही एक कामच आहे, आणि त्यासाठीही आज्ञावली लागते. मग ही पहिली आज्ञावली स्मृतीत आणायची कोणी? इंग्रजीत या कोड्याला एक गमतीदार शब्द मिळाला, 'बूटस्ट्रॅप'. बुटाच्या मागे असलेल्या पट्ट्याला धरून स्वतःलाच वर उचलणे, असा त्याचा अर्थ. आपण स्वतःच्याच शेंडीला धरून स्वतःला उचलणे म्हणू. संगणक 'बूट होतो' असे आपण म्हणतो, ते या बुटावरून.

नळ्यांचा काळ

सुरुवातीच्या यंत्रांपुढे मात्र याहूनही प्राथमिक प्रश्न होता. बटण दाबल्यावर सगळे भाग धड राहतील का? अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला एनिॲक १९४६ साली जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. निर्वात नळीतली तार दिव्याच्या तारेसारखी तापते. घरातला जुना पिवळा दिवा बहुधा बटण दाबतानाच जायचा, हे आठवून पाहा. थंड तार एकदम तापते आणि प्रसरण पावते, त्या क्षणीच तिच्यावर सर्वांत जास्त ताण येतो. एनिॲकच्या नळ्याही मुख्यतः यंत्र सुरू किंवा बंद करतानाच निकामी होत. म्हणून उपाय निघाला तो असा की, यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही. तरीही एकही बिघाड न होता ते सलग चालल्याचा सर्वांत मोठा काळ ११६ तासांचा होता, आणि तो विक्रम १९५४ सालचा आहे.

याच सुमारास मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका लहान गटाने भारतीय संगणक बांधायला घेतला. आधी एक प्रायोगिक यंत्र तयार झाले. ते १९५६ अखेर चालू झाले. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइटच्या इवल्या चुंबकी कड्यांची होती. आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून आत जात आणि उत्तरे टेलिप्रिंटरवर बाहेर येत. १५ जानेवारी १९६२ रोजी संस्थेच्या कुलाब्यातील नव्या इमारतींच्या उद्‌घाटनाच्या वेळी पंडित नेहरूंनी या यंत्राला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते काम करत होते.

या यंत्राबाबत शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. टिफ्रॅकला पुरवठादार नव्हता, वॉरंटी नव्हती आणि सीलही नव्हते. ज्यांनी बांधले, त्यांनाच ते बिघडल्यावर उभे करायचे होते. कोणता भाग कशावर अवलंबून आहे हे त्यांना पाठ होते, कारण प्रत्येक जोडणी त्यांच्याच गटाने केलेली होती.

पहिल्या आज्ञा

आता शेंडीच्या कोड्याकडे वळू. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या गटाने बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालवली. वर्गसंख्यांचा तक्ता छापण्याची ती आज्ञावली होती. ती कागदी फितीवर होती. पण फीत वाचायची कशी, हे यंत्राला कोणी सांगायचे? डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने त्यासाठी अवघ्या ३१ आज्ञा लिहिल्या. टेलिफोन एक्सचेंजमध्ये वापरले जाणारे फिरते स्विच घेऊन त्यांच्या तारांच्या जोडणीतच या आज्ञा कायमच्या बसवून टाकल्या. बटण दाबले, की त्या स्मृतीत उतरत आणि मग फीत वाचू लागत. पुढची आज्ञावली कोणतीही असो, सुरुवात अशा पक्क्या बसवलेल्या आज्ञांनीच होई.

पुढच्या काळातल्या कित्येक यंत्रांत एवढीही सोय नव्हती. १९६५ साली आलेला पीडीपी-८ हा लहान संगणक प्रयोगशाळांमध्ये खूप लोकप्रिय झाला. त्याच्या दर्शनी पट्टीवर स्विचांची रांग होती. स्विच वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. पहिल्या दीड डझनभर आज्ञा माणसाने बोटांनी एकेक करून आत घालायच्या. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणकही तसाच होता. वीज गेली की तो सारे विसरे. पुन्हा स्विच, पुन्हा पहिल्यापासून.

या अल्टेअरची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी 'बेसिक' ही भाषा तयार केली होती, पण प्रत्यक्ष अल्टेअर त्यांनी पाहिलेलाही नव्हता. कागदी फीत घेऊन ॲलन विमानाने निघाले. विमान उतरायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की फीत तर घेतली, पण ती स्मृतीत आणणाऱ्या पहिल्या आज्ञा कुठे आहेत? त्या लिहायच्याच राहिल्या होत्या! विमानात बसल्याबसल्या त्यांनी त्या कागदावर लिहिल्या. पंप तयार होता, पण वरून ओतायचे तांब्याभर पाणी घरी विसरले होते, असाच हा प्रकार.

न विसरणारी स्मृती

शेतकऱ्याने रोज पंप भरण्याच्या त्रासातून 'फूटव्हॉल्व्ह'ने सुटका करून घेतली. पाइपाच्या तळाशी ही झडप असते. मोटार बंद झाली तरी ती पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पंप भरलेलाच सापडतो. संगणकातली ही झडप म्हणजे 'रॉम'. वीज गेली तरी हिच्यातली नोंद पुसली जात नाही.

भारतातल्या शाळांत संगणक पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आले ते 'क्लास' या प्रकल्पातून. १९८४ साली केंद्र सरकारने तो सुरू केला आणि सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक दिले. ज्या शिक्षकांनी ते हाताळले त्यांना आठवत असेल, बटण दाबताच एक लांब व एक आखूड असा जोडआवाज होई, आणि क्षणात पडद्यावर अक्षरे हजर! त्याचे कारण असे की, त्या संगणकाचे सगळे मूलभूत कामकाज आणि बेसिक भाषाही ३२ किलोबाइटच्या रॉममध्येच होती. चकतीवरून काही आणायचेच नव्हते.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीने मात्र मधला मार्ग घेतला. रॉममध्ये सगळे न ठेवता थोडेच ठेवायचे. यंत्र तपासायचे, चकती शोधायची, तिच्यावरची आज्ञावली आणायची आणि सूत्रे तिच्या हाती द्यायची. एवढ्यापुरती जी आज्ञावली, तिचे नाव 'बायोस'. पहिल्या पीसीत ती अवघी ८ किलोबाइटची होती. आपल्या टेबलावरचे बहुतेक संगणक याच कुळातले आहेत.

या पीसीच्या प्रक्रियकाला जन्मतः एकच गोष्ट ठाऊक असे. वीज आली, की एका ठरलेल्या पत्त्यावर जायचे आणि तिथे लिहिलेली आज्ञा पाळायची. त्याला एकूण १०,४८,५७६ पत्ते माहीत होते. त्यांतला शेवटून सोळावा पत्ता हा तो पहिला पत्ता. तिथे रॉम बसवलेली असे. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला फक्त 'घंटा झाली की वर्गात जा' एवढेच सांगून ठेवावे, आणि पुढचे सगळे फळ्यावर लिहिलेले असावे, तसे हे आहे.

पुढे रॉमची जागा पुन्हा लिहिता येणाऱ्या 'फ्लॅश' स्मृतीने घेतली. सुधारणा करणे सोपे झाले, पण त्याची किंमतही मोजावी लागली. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' नावाच्या विषाणूने जगभरच्या असंख्य संगणकांतली बायोसच खोडून टाकली. भारतातही त्याचा फटका बसला. या यंत्रांचा एकही भाग जळालेला नव्हता. पण झडपच निघून गेल्यामुळे पंप कोरडा पडला होता.

बीप का वाजतो?

आता बटण दाबल्यावरचे टप्पे क्रमाने मांडू. हा क्रम फळ्यावर लिहून घ्यावा.

पहिला टप्पा विजेचा. भिंतीतली २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज संगणकातल्या पेटीत येते, आणि तिथून १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज होऊन बाहेर पडते. या पेटीला 'एसएमपीएस' म्हणतात. व्होल्टता स्थिर झाली, की ही पेटी 'वीज ठीक' असा इशारा मुख्य पाटीला देते. तोवर प्रक्रियकाला झोपवूनच ठेवलेले असते.

दुसरा टप्पा प्रक्रियकाचा. तो ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि रॉममधल्या आज्ञा पाळू लागतो.

तिसरा टप्पा तात्पुरत्या स्मृतीचा, म्हणजे 'रॅम'चा. काही ठिकाणी आकडे लिहून, परत वाचून पाहिले जातात. लिहिले तेच वाचले गेले तर स्मृती ठीक.

चौथा टप्पा पडद्याचा. चित्र तयार करणारा भाग जागा होतो, आणि मगच पडद्यावर पहिली अक्षरे उमटतात.

पाचवा टप्पा कळफलक, चकती वगैरेंचा. शेवटी चकतीच्या पहिल्या ५१२ बाइटमधली छोटीशी आज्ञावली स्मृतीत येते आणि ती उरलेल्या प्रणालीला बोलावते.

क्रम नीट पाहिलात, तर एक अडचण ध्यानात येईल. पडदा चौथ्या टप्प्यावर जागा होतो. बिघाड तिसऱ्या टप्प्यावर असेल तर यंत्राने तो सांगायचा कसा? स्मृती नाही म्हणजे लिहायला पाटीच नाही. पण लहानसा भोंगा वाजवायला स्मृती लागत नाही. एक विद्युतसंकेत चालू-बंद केला की आवाज निघतो, आणि तेवढे काम प्रक्रियक आपल्या अंगच्या चार-दोन कप्प्यांवर भागवू शकतो. म्हणून बिघाड सांगायला बीप आला. एकच आखूड बीप म्हणजे सारे ठीक. इतर आवाजांचे अर्थ बायोस बनवणाऱ्यागणिक बदलतात आणि ते मुख्य पाटीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

म्हणजे सर ज्या आवाजाला घाबरून बटण बंद करत होते, तो आवाज यंत्राची तक्रार होता. त्याला त्याचे दुखणे सांगायचे होते!

कागदावर काय उतरले

आता त्या खोलीत परत जाऊ. नववीची सात-आठ मुले-मुली जमली होती. आम्ही सरांना म्हणालो, बटण दाबा आणि या वेळी बंद करू नका. मुलांनी फक्त पाहायचे, ऐकायचे आणि लिहायचे.

दिवा लागला, पंखा फिरला. म्हणजे खटका, तार आणि एसएमपीएस यांनी आपले काम निदान बऱ्याच अंशी केले. पहिला टप्पा पार.

बीप वाजला. एका मुलीने अचूक विचारले, "सर, आवाज कोण काढतंय?" रॉममधल्या आज्ञा पाळणारा प्रक्रियक. तो मेला असता तर आवाज आलाच नसता. दुसरा टप्पा पार.

पडदा काळा. पण पडदा स्वतः बिघडलेला तर नाही ना? त्याची संगणकाकडे जाणारी तार काढली. लगेच पडद्यावर 'संकेत नाही' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आली. म्हणजे पडदा ठणठणीत. त्याला वरून काही मिळतच नव्हते.

आवाज लांब होता आणि थांबून थांबून सारखा येत होता. पुस्तिकेतल्या तक्त्यात सरांनीच शोधून काढले. तिथे त्या आवाजाचा अर्थ दिला होता, स्मृती सापडत नाही किंवा नीट बसलेली नाही. दुसरा टप्पा पार, चौथा गाठला नाही. बिघाड तिसऱ्यात. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

सरांचा चेहरा बदलला. नव्या यंत्राची स्मृती बटण दाबल्याने खाचेतून निसटत नाही. ती निसटली असेल तर वाटेत, टेंपोच्या धक्क्यांनी. चार महिने मनावर घेतलेला दोष आपला नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. त्यांचे त्यांनीच काढलेले अनुमान होते ते.

जाता जाता आणखी एक गोष्ट उघड झाली. पत्र्याच्या पेटीला हात लागला, की मुलांना झिणझिण्या येत. याचा मूळ बिघाडाशी संबंध नव्हता, पण ही बाब जास्त गंभीर होती. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे धारित्र बसवलेले असतात. त्यांचे एक टोक विजेच्या दोन तारांना, दुसरे पेटीला. पेटी जमिनीला जोडलेली नसेल तर तिच्यावर साधारण निम्मी व्होल्टता दिसते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण अर्थिंग नाही, याचा अर्थ उद्या खरोखर तार सुटून पेटीला लागली तर वाचवणारे काहीच नाही. शाळेचे अर्थिंग होते, पण त्याच्या खड्ड्यात पाणी घातले गेल्याचे कुणालाच आठवत नव्हते. कोरडी माती विजेला मोठा रोध करते. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, मातीचा पट्टीशी संपर्कच सुटतो. आम्ही संगणक बंद करायला लावला आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घेईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असे ठरवले. विजेची ही तपासणी मुलांनी करायची नाही, हेही इथे स्पष्ट सांगायला हवे.

नोंदवहीचे मोल

त्या दुपारी सरांनी पुरवठादाराला नवे पत्र लिहिले. पहिल्या पत्रात चार शब्द होते. या पत्रात दिवा, पंखा, बीपची लांबी, पडद्याची परीक्षा आणि पुस्तिकेतले पान, सारे काही होते. शेवटी एक वाक्य होते. 'रॅम खाचेत सैल झाली असावी असे आमचे अनुमान आहे, तरी सोबत दुसरी रॅम घेऊन यावे.'

बिघाड लिहून ठेवण्याची ही रीत संगणकाइतकीच जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून शेजारी वेळ आणि जागा लिहिली गेली. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच, एडिसनच्या काळापासूनची. पण त्या पानामुळे खऱ्याखुऱ्या किड्याची हकिगत जगाला आजही सांगता येते.

यंत्र विकत घेणे एक आणि ते चालते ठेवणे दुसरे, हा धडा आपल्या देशानेही घेतला आहे. १९७८ साली आयबीएम कंपनी भारतातून निघून गेली, तेव्हा देशात तिची शेकडो यंत्रे कामावर होती. ती चालू ठेवणार कोण? हे काम सरकारी 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन'ने उचलले. नावातच 'देखभाल' असलेली ही संस्था पुढे सीएमसी म्हणून ओळखली गेली. बनवणारा दूर गेला तरी यंत्रे बंद पडली नाहीत, कारण ती कशी चालतात हे जाणणारी माणसे इथे होती.

आजचे संगणक

आज बायोसची जागा 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने घेतली आहे. अनेक संगणकांत भोंगाच नसतो. त्याऐवजी काही मुख्य पाट्यांवर चार इवले दिवे असतात. प्रक्रियक, स्मृती, चित्र आणि चकती. ज्या टप्प्यावर गाडी अडली, तो दिवा लागून राहतो. क्रम मात्र तोच आहे.

एक नवी गंमतही आहे. डीडीआर-५ प्रकारची वेगवान स्मृती असलेला नवा संगणक पहिल्यांदा सुरू केला, की तो स्मृतीशी संकेतांचे वेळापत्रक जुळवून घेतो. त्याला काही मिनिटे लागू शकतात आणि तोवर पडदा काळाच असतो. यंत्र मेले असे समजून लोक मधेच बटण बंद करतात. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसणे, हाच पहिला उपाय.

वर्गात करून पाहण्यासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. चालत्या संगणकासमोर मुलांना बसवा. बटण दाबल्यापासून काय दिसते, काय ऐकू येते, कितव्या सेकंदाला, हे लिहायला सांगा. मग विचारा की दिवा लागला पण पंखा फिरला नाही तर? पंखा फिरला पण आवाजही नाही आणि चित्रही नाही तर? अक्षरे उमटली पण चकती सापडली नाही तर? काही वेळा कारण फार साधे असते. एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहतो आणि संगणक त्याच्यावरच प्रणाली शोधत बसतो. प्रत्येक उत्तरासोबत 'कशावरून?' हा प्रश्न विचारायला विसरू नका. निरोगी यंत्राची अशी एक नोंद भिंतीवर लावलेली असली, तर बिघडल्या दिवशी तिचा फार उपयोग होतो.

गंगाखेडहून परतल्यावर तीन आठवड्यांनी सरांचे कार्ड आले. वायरमनने अर्थिंगची सुटलेली तार जोडून खड्ड्यात पाणी घातले होते. पुरवठादाराचा माणूस पत्र मिळाल्यावर आठवड्यात आला होता. त्याने सील काढले, रॅमची पट्टी बाहेर घेतली आणि इकडेतिकडे पाहिले. मग एका मुलीच्या कंपासपेटीतले खोडरबर मागून पट्टीचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसले, भुगा झटकला आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत दाबली. दहा मिनिटांचे काम. सोबत आणलेली दुसरी रॅम तशीच परत गेली.

सरांनी डेड स्टॉक रजिस्टरच्या शेरा-रकान्यात दुरुस्तीची तारीख आणि कारण लिहिले, आणि शेजारी एक नवी वही ठेवली. त्या वहीत मुले रोज संगणक सुरू करताना दिसलेले-ऐकलेले लिहू लागली. कार्डाच्या शेवटी त्यांनी कळवले होते, की दहावीच्या मुलांना मात्र आता सराव परीक्षांमुळे त्या खोलीत यायला वेळ नाही. जुलैत त्यांनीच टेंपोतून खोकी उतरवली होती.